गिअरबॉक्स उतरवून परत बसवला आणि आता जीपचा क्लच सुटत नाही

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तुम्ही जे सांगितलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्यालाही कळेल. महिंद्राची जुनी सीजे-३बी, पेट्रोल, हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स. दुसरा गिअर आपोआप उडत होता म्हणून बॉक्स उतरवला, पितळी रिंगा आणि बेअरिंगं टाकली, आणि उघडलंच आहे तर म्हणून क्लच प्लेट (यापुढं नुसती 'प्लेट') नवी टाकली, तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चकतीवर, दाबून धरणारी प्रेशर प्लेट जुनीच. आता इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स करकरतो, म्हणजे क्लच सुटत नाही, पेडल दाबूनही बॉक्स इंजिनापासून वेगळा होत नाही, पेडल अडीच इंच खाली गेल्यावर कुठं जड लागतं, आणि उचलताना गाडी दणके मारते. घरच्या मिस्त्रीचं म्हणणं प्रेशर प्लेट गेली, बदला. आणि मधेच बॉक्स बसवण्याबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "शेवटचं पाऊण इंच जात नव्हतं म्हणून बोल्टनं ओढून घेतलं".

त्या वाक्यावर मी थांबलो. पण त्याकडं नंतर येतो, कारण ते खरं असलं तरी बॉक्स परत उतरवायच्या आधी बाहेरून बघण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं अर्धं फुकटात होतं.

पहिली गोष्ट, प्रेशर प्लेट इतक्यात विकत घेऊ नका. काम करायच्या आधी क्लच नीट सुटत होता ना? मग जे बिघडलंय ते तुम्ही हात लावलेल्या जागेतच कुठंतरी आहे. प्रेशर प्लेट तुम्ही काढून परत लावली एवढंच, ती कपाटात ठेवल्या ठेवल्या मरत नाही. क्लचमध्ये नवं काय आलं? प्लेट. काय हलवलं? बॉक्स, फोर्क (क्लच दाबणारा आतला दांडा), रिलीज बेअरिंग (फोर्क जे पुढं ढकलतो ते), क्रॉस मेंबर (बॉक्सखालचा चॅसीचा आडवा भाग), लिंकेज (पेडलपासून फोर्कपर्यंतची जोडणी). याच्या बाहेर जायचंच नाही अजून.

आता अडीच इंच फ्री प्ले, म्हणजे पेडल जड लागायच्या आधीचा रिकामा प्रवास. हे तर सरळ चूक आहे आणि याचं कारण साधं असू शकतं. नवी प्लेट जुन्या झिजलेल्यापेक्षा जाड असते, त्यामुळं प्रेशर प्लेट मागं ढकलली जाते आणि तिची फिंगरं (बेअरिंग ज्यांना दाबतं त्या पट्ट्या) आत, म्हणजे फ्लायव्हीलकडं जातात, रिलीज बेअरिंगपासून लांब. जुन्या प्लेटला केलेलं सेटिंग तसंच ठेवलं की पेडलचा निम्मा प्रवास नुसता बेअरिंग फिंगरपर्यंत पोचण्यातच जातो आणि सोडवायला काही उरत नाही. उलट प्लेट झिजत गेली की फ्री प्ले कमी कमी होत जातो, हे पण लक्षात ठेवा, नंतर कामाला येईल.

सेट कसं करायचं: फोर्कला जी छोटी केबल येते तिच्या टोकाला आटे आहेत, चेकनट सोडा, नट फिरवत जा आणि पेडल बोटानं दाबत जा, पायानं नाही, पायाला कळत नाही. पेडल सैल सैल जातं आणि एका जागी जड होतं, ते जड होईपर्यंतचं अंतर इंचभर आलं पाहिजे. तेवढं असलं की आत बेअरिंग आणि फिंगर यात साधारण अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट राहते, जी हवी. मग चेकनट आवळा. आता हे करताना आटे संपले आणि तरी दीड-दोन इंच ढिलं राहिलं तर थांबा, अजून वॉशर घालून जुळवाजुळव करू नका, आत काहीतरी जागेवर नाही हा त्याचा सांगावा आहे.

एक युक्ती सांगतो, मी नेहमी करतो. तात्पुरतं फ्री प्ले पूर्ण शून्य करा, बेअरिंग फिंगरला नुसतं टेकेल इतकं. मग इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघा. गुपचूप पडला तर आतलं सगळं ठीक, तुमचा प्रवास कुठंतरी लिंकेजमध्ये खाल्ला जातोय. तरीही करकरला तर लिंकेजचा दोष नाही, दोष आत. एवढ्या एका चाचणीत निम्मा संशय मिटतो. (झाल्यावर इंचभर फ्री प्ले परत द्या, नाहीतर बेअरिंग सतत फिंगरवर घासून महिन्यात ओरडायला लागेल.)

आणि रिव्हर्स टाकायची पण पद्धत आहे. टी-९० मध्ये पहिला आणि रिव्हर्स सिंक्रोनाइझवाले नाहीत, म्हणजे दातांचे वेग आधी जुळवून घेणारी पितळी रिंग त्यांना नाही, त्यामुळं क्लच दाबला आणि लगेच टाकला तर चांगल्या गाडीतही करकर होते, कारण इनपुट शाफ्ट (क्लचमधून बॉक्समध्ये येणारा) अजून स्वतःच्या वेगात फिरतोय. क्लच पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा, मग टाका. दहा मोजल्यावर शांत पडला तर क्लच सुटतोय. दहा काय पंधरा मोजूनही करकरत असेल तर शाफ्टला कुणीतरी फिरवत ठेवतंय. तुमच्या प्रश्नावरून कळत नाही की तुम्ही थांबून बघितलंय का. काही लोक मारुतीची सवय घेऊन जीपवर बसतात आणि क्लच गेला म्हणतात, तुम्हाला म्हणत नाही.

आता लिंकेज. जुन्या जीपमध्ये पेडलपासून फोर्कपर्यंत मधे एक आडवी नळी आहे, तिची एक बाजू चॅसीच्या ब्रॅकेटवर गोळीवर टेकते आणि दुसरी बॉक्सच्या बाजूला. पेडलचा रॉड तिला फिरवतो, ती केबल ओढते, केबल फोर्क ओढते. यात पेडलच्या शाफ्टचा बुश, रॉडच्या पिना, नळीच्या दोन गोळ्या, लिव्हरची भोकं, एवढ्या जागा झिजतात आणि प्रत्येक जागा अर्धा अर्धा सूत खाते. फोर्कला मुळात प्रवासच थोडा असतो, त्यातला एवढा गेला की संपलं. बॉक्स काढताना ही नळी निघते, परत लावताना गोळीची टोपी, स्प्रिंग, वॉशर यातलं एखादं डब्यात राहून जातं. डबा बघा. खरंच बघा, मी माझ्या डब्यात सहा महिन्यांनी त्या नळीची स्प्रिंग सापडलेली बघितली आहे आणि तोवर गाडीवाला मला शिव्या देऊन गेला होता.

तपासायला कुणालातरी पेडलवर बसवा, इंजिन बंद, आणि तुम्ही खाली टॉर्च घेऊन आडवे व्हा. त्यानं हळू दाबायचं, हळू सोडायचं. तुम्ही केबलकडं बघायचं नाही, चॅसीवरच्या ब्रॅकेटकडं बघायचं. ब्रॅकेट वाकतंय का, त्याच्या वेल्डिंगला तडा आहे का. मग नळीच्या दोन्ही टोकांकडं. मग पूर्ण इंजिनाकडं.

पूर्ण इंजिनाकडं का? कारण या जीपला इंजिन स्टे केबल नावाचा प्रकार आहे, इंजिनाचा मागचा भाग आणि क्रॉस मेंबर यांना बांधणारी एक केबल. इंजिन रबरी माउंटवर बसलंय, तुम्ही क्लच दाबता तेव्हा लिंकेज फोर्कबरोबर अख्ख्या इंजिनालाही ओढतं, आणि ही केबल नसली की इंजिन रबरावर सरकतं, म्हणजे पेडलचा प्रवास क्लच सोडवण्याऐवजी इंजिन सरकवण्यात जातो. आणि सोडताना तेच इंजिन परत झोका घेतं, की गाडी दणके मारत उचलते. तुमचे दोन्ही त्रास या एका केबलनं होऊ शकतात. बॉक्स उतरवताना क्रॉस मेंबर निघतोच, त्यामुळं ही केबल सोडावीच लागते, आणि परत लावताना "ही कशाला होती" म्हणून बाजूला पडते. कित्येक जीपमध्ये ती आधीच नसते, आधीच्या कुणी फेकलेली असते. ताण किती द्यायचा तर नुसती ढिल निघेल एवढाच, तारेसारखी ताणली तर रबरी माउंटचा उपयोगच जातो आणि सगळी थरथर बॉडीत येते. दाबताना बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) चॅसीच्या मानानं एक सूतही सरकताना दिसलं तर आधी हे आणि माउंटची रबरं करा, बाकी नंतर.

हे सगळं ठीक निघालं तर चाक फिरवून बघायची चाचणी. बॅटरीची तार काढा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड लावा, मागचं एक चाक जॅकनं उचला आणि खाली स्टँड द्या, विटा नको. आणि इथं एक जीपची खास गोष्ट: हिचा हँडब्रेक चाकावर नाही, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे बॉक्समागच्या फोर व्हीलच्या पेटीच्या, मागं प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर आहे. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण डिफरन्शिअल उचललेल्या चाकाला उलटं फिरवून मोकळी होते, म्हणून दगड. दोन, चाचणीसाठी हँडब्रेक सोडायलाच लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही आणि तुम्ही क्लच अडकलाय समजाल. फोर व्हील काढलेलं, हाय मध्ये, तिसरा गिअर टाका. पेडल वर असताना चाक हातानं फिरवलं तर इंजिनाचं कॉम्प्रेशन हाताला लागेल. आता दुसऱ्यानं पेडल पूर्ण दाबायचं. चाक मोकळं फिरलं, तेल जड असल्यासारखं थोडं जड पण इंजिन न फिरवता, तर प्लेट सुटतेय. चाकाबरोबर पुढचा पंखा पण हलतोय तर सुटत नाही.

यातून निघतं ते असं. चाक मोकळं फिरतंय पण इंजिन चालू असताना गिअर करकरतो, तर शाफ्टला प्लेट नाही, पायलट बुश फिरवतोय, म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या टोकातली ती छोटी पितळी नळी, जिच्यात शाफ्टचं नाक टेकतं. हातानं फिरवताना बुशची पकड इंजिनाला हलवण्याइतकी नसते, पण इंजिन चालू असलं की ती हलका शाफ्ट सहज फिरवत ठेवते. रस्त्यावर पण फरक कळतो, क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढं सरकते आणि ब्रेकला पाय टेकवला की थांबते, इंजिनाला काही कळतही नाही, तर बुश. ब्रेक दाबल्यावर इंजिन दबतंय, बंद पडायला बघतंय, तर प्लेटच धरून बसली आहे.

आता आवाजांचं पण सांगून टाकतो, कारण लोक सगळ्याच आवाजांना रिलीज बेअरिंग म्हणतात. न्यूट्रलमध्ये पेडल वर असताना घरघर, आणि दाबलं की थोड्या वेळानं बंद होते, तर बॉक्सचं पुढचं बेअरिंग. पेडलला पाय टेकवल्या टेकवल्या आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअरमध्ये उभं असताना चीं चीं, तर पायलट बुश, कारण शाफ्ट थांबलेला आणि क्रँक फिरतोय ही वेळ तेव्हाच येते, एरवी दोघं बरोबर फिरतात, बुशला काही कामच नसतं.

बरं, आता ते पाऊण इंच.

बॉक्स आत सरकवताना आधी शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे त्याच्यावरचे उभे दात, प्लेटच्या मधल्या हबमध्ये जातात. तिथं अडलं तर गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज जरा फिरवला की दात जुळतात आणि सरकन जातं. मग शेवटचा थोडा प्रवास राहतो तो शाफ्टच्या नाकाचा, जे पायलट बुशमध्ये जातं. म्हणजे शेवटच्या पाऊण इंचाला अडलं तर नाक बुशच्या तोंडाशी अडलंय, प्लेट मधोमध नाही किंवा बॉक्स मागून खाली झुकलाय. तिथं बोल्ट आवळत गेलं की पोलाद आणि पितळ यांच्या भांडणात पितळ हरतं, बुश चेपतो, तोंडाशी लोळी निघते आणि तो नाकाला आवळून धरतो. आणि त्याच वेळी टी-९० आणि ट्रान्सफर केसचं दोन माणसांचं ओझं प्लेटच्या हबवर लटकलेलं असतं, त्यानं प्लेट बशीसारखी वाकते. वाकलेली प्लेट सुटायला जास्त जागा मागते, कारण एका बाजूनं ती फ्लायव्हीलला आणि समोरच्या बाजूनं प्रेशर प्लेटला टेकूनच राहते. उचलताना दणके पण तीच देते.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. नवीन गॅरेज टाकलं तेव्हा एका वीटभट्टीवाल्याची जीप होती, रात्रीचे दहा वाजलेले, सकाळी त्याला गाडी पाहिजे होती, आणि माझ्या हाताखालचा पोरगा आणि मी बॉक्स पोटावर घेऊन उताणे पडलेलो. शेवटचं थोडं जाईना. म्हटलं बोल्ट लागताहेत ना, ओढून घेऊ. बोल्टनं तो बॉक्स लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, आम्ही चहा प्यायलो, गाडी चालू केली आणि रिव्हर्स टाकला तर अख्ख्या आळीतले कुत्रे उठले. सकाळी परत उतरवला. बुश बघितला तर तोंडाशी एका बाजूला चकचकीत पितळ, नखानं निघेल अशी पातळ पट्टी वर आलेली. नुसता बुश बदलला, प्लेट वरवर ठीक दिसली म्हणून तीच टाकली. परत करकर. तिसऱ्यांदा उतरवल्यावर टर्नरकडं जाऊन प्लेट लेथवर शाफ्टला लावून फिरवली, तर कडेला ती अशी डुलत होती की डायल (डुल मोजायचं घड्याळ) लावायचीही गरज नव्हती. भट्टीवाल्यानं पैसे दिले पण त्या दोन दिवसांच्या विटा किती राहिल्या ते मला अजून भेटला की ऐकवतो.

म्हणून बाहेरची सगळी तपासणी करून दोष आतच आहे असं ठरलं, आणि तुमच्या बाबतीत मला तसंच वाटतंय, तर बॉक्स उतरवताना खालच्या गोष्टी बघा आणि यावेळी नुसतं बदलू नका, मोजा.

उतरवायच्या आधी फोर्कच्या खिडकीतून टॉर्च मारा. फोर्क आत एका गोळीवर डुलतो, बॉक्स बसवताना तो धक्क्यानं गोळीवरून निसटतो आणि तिरका राहतो, केबल लावली की लागल्यासारखा वाटतो. तुमचा अडीच इंच प्ले त्यामुळंही असू शकतो. हे खिडकीतून दिसतं, बॉक्स काढल्यावर पुरावा जातो. बेअरिंगच्या कॅरिअरची मागं ओढणारी स्प्रिंग जागेवर आहे का ते पण तेव्हाच.

बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक आहे, तिथं बोट फिरवून वास घ्या. हसू नका. ९० नंबरच्या गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला जळका. गिअर ऑइल असेल तर तुम्ही पुढच्या बेअरिंग रिटेनरचं पॅकिंग उलटं लावलंय किंवा सील गेलंय, आणि इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. तेल लागलेली प्लेट दणके देते आणि मग घसरते, पेट्रोलनं धुऊन ती परत लावायचा मोह होईल, नका करू, लायनिंगमध्ये मुरलेलं तेल गरम झालं की परत बाहेर येतं.

प्लेट काढताना कुठल्या बाजूनं बसली होती ते बघा. हबचा लांब भाग, स्प्रिंगा बाहेर आलेली बाजू, बॉक्सकडं पाहिजे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो आणि क्लच जन्मात सुटत नाही. बोल्टांच्या डोक्यांवर गोल चकाकी दिसली तर उत्तर मिळालं, बाकी काही शोधू नका. नव्या प्लेटवर फ्लायव्हील साइड असं कोरलेलं असतं बऱ्याचदा, पण मी छापलेल्यापेक्षा हबला विचारतो.

तीच प्लेट शाफ्टवर उभी धरून सोडा, आपल्या वजनानं सरकत खाली आली पाहिजे. अडखळली तर स्प्लाइनला बर (वर आलेली धारदार कड) आहे, बारीक कानशीनं काढा. मग लेथवर फिरवून कडेचा डुल बघा, अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर मी ती लावत नाही. आणि मापाची खात्री करा, साडेआठ इंची आणि सव्वानऊ इंची असे दोन्ही क्लच या जीपांत सापडतात, वर इतक्या वर्षांत कुणी कुठलं फ्लायव्हील लावलं असेल सांगता येत नाही. दुकानदार जीप म्हटल्यावर जी हाताला लागेल ती देतो. जुनी प्लेट घेऊन जा, नवी तिच्यावर ठेवून बघा, व्यास, जाडी, दात, हबची उंची.

प्रेशर प्लेट टाकून द्यायची नाही असं म्हटलं, पण बघायची मात्र. तिची तीन फिंगरं एका उंचीला आहेत का, फ्लायव्हीलवर प्लेटसकट आवळून मग मोजा, सुटी मोजून उपयोग नाही. एक फिंगर वर एक खाली असेल तर बेअरिंग टेकल्यावर प्रेशर प्लेट तिरकी उचलते, दणक्यांचं ते एक जुनं कारण, आणि रिपेअर करून आलेल्या प्लेटांमध्ये तर फार. फिंगरांची टोकं बेअरिंगनं खाऊन खड्डा पडला असेल तर मग मिस्त्रीचं बरोबर, बदला.

पायलट बुश काढायला पुलर नसेल तर बुशच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, नाकाच्या मापाचा रॉड घालायचा आणि हातोडी मारायची. ग्रीसला जायला जागा नसते म्हणून ते बुशला मागून ढकलतं. चेहरा बाजूला ठेवा आणि चांगला शर्ट घालू नका. ग्रीस नको असेल तर ओल्या कागदाचा लगदाही चालतो. नवा बुश सच्छिद्र पितळाचा असतो, तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, ठोकताना थेट हातोडी नको, मापाचा ठोकळा ठेवून ठोका. बसल्यावर सुटा इनपुट शाफ्ट हातानं घालून फिरवा. बोटांनी फिरला पाहिजे. ठोकल्यावर बुश थोडा आवळतो, तेव्हा अडला तर रीमर मारून भोक जरा मोकळं करावं लागतं, "चालेल, फिरून फिरून मोकळा होईल" हे वाक्य मी ऐकलंय आणि म्हटलंय पण, तो होत नाही.

नवीन बुश वर्षात परत परत खात असेल, किंवा बॉक्स नेहमीच अडत बसत असेल, तर बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकशी एका रेषेत आहे का ते डायल लावून बघायचं, ५ थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत पाहिजे. दुसऱ्या इंजिनाचं बेल हाउसिंग लावलेल्या गाड्यांत हे निघतं. आणि पुढची पुली बघायची, क्लच दाबताना क्रँक पुढं सरकते का. या इंजिनाला एंड प्ले (क्रँकचं पुढं-मागं सरकणं) ४ ते ६ थाउ एवढाच पाहिजे, डोळ्याला दिसेल इतकी पुली सरकली तर प्रकरण क्लचचं नाही, इंजिनाचं आहे, आणि ते वेगळं रडणं. तुमच्यात तसं वाटत नाही.

काम करताना ती काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत घालून टाका. आणि रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नका, ते बंद बेअरिंग आहे, आतलं ग्रीस जातं आणि परत भरता येत नाही. बघायला चकचकीत होतं आणि शंभर किलोमीटरवर ओरडतं.

आता बसवणं, जिथं तुमची पहिल्यांदा गडबड झाली. भंगारातून जुना इनपुट शाफ्ट मिळवा, आमच्याकडं स्वस्तात कुणीपण देतं, नसेल तर टर्नरकडून लाकडाचा करून घ्या, एक टोक बुशच्या मापाचं, एक हबच्या. तो घालून प्लेट मधोमध करायची, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, एक एक फेरा. सगळे आवळल्यावर तो शाफ्ट हातानं बाहेर आला आणि हातानं परत गेला पाहिजे. इथं अडला तर पुढं बॉक्सही अडणार, इथंच परत ढिलं करून जुळवा.

बॉक्ससाठी त्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, चार-पाच इंची, डोकी कापून टाका, टोकाला करवतीनं खाच मारा म्हणजे नंतर स्क्रू ड्रायव्हरनं काढता येतील. हे बेल हाउसिंगच्या दोन भोकांत लावले की बॉक्स त्यांच्यावर सरकतो आणि ओझं प्लेटवर येत नाही. खाली जॅक, जॅकवर फळी, आणि बॉक्स इंजिनाच्या रेषेत. बेल हाउसिंग आणि बॉक्सच्या मधली फट वर, खाली, डावी, उजवी सारखी दिसते का बघा. वर दोन सूत आणि खाली चार सूत अशी असेल तर बॉक्स झुकलाय, जॅक हलवा. हातानं ढकलून तोंडाला तोंड टेकलं पाहिजे, मगच बोल्ट घ्यायचे, बोल्ट फक्त धरायला. स्प्लाइनला ग्रीसचा नुसता हात पुसायचा, जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं.

एक वेगळी शक्यता राहिली. तुम्ही लिहिलंय की बॉक्स बसवल्यावर गाडी पावसाळ्यात दोन महिने तशीच उभी होती. तुमच्याकडं कोकणात तर भिंती पण गंजतात. फ्लायव्हील गंजून प्लेट त्याला चिकटणं ही नेहमीची गोष्ट, चिपळूणच्या एका ओळखीच्यांची जीप दर गणपतीला हेच करायची. पण त्यात चाक फिरवायच्या चाचणीला चाक अजिबात मोकळं होणार नाही आणि इंजिन चालू असताना गिअर करकरणं सोडाच, पडणारच नाही. तसं निघालं तर इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात, समोर कुणी नाही बघून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबूनच स्टार्टर मारा, गाडी धावायला लागेल, क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलेटर दाबा-सोडा. एकदा टक्कन सुटते. नाही सुटली तर बॉक्स उतरवायचाच.

हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांवाले पण हे वाचतील, त्यांच्यासाठी एवढंच की लिंकेजच्या जागी तुमचा मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर आहे, बाकी आतलं सगळं हेच. बॉक्स काढताना स्लेव्ह लोंबकळत ठेवून चुकून पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो आणि हवा शिरते. ब्लीड करून, म्हणजे ती हवा काढून, स्लेव्हच्या रॉडचा प्रवास मोजा, मगच आत संशय घ्या.

तुम्ही आता असं करा, आज संध्याकाळी फ्री प्ले इंचावर आणा, स्टे केबल शोधा, आणि दहा मोजून रिव्हर्स टाका. मग चाकाची चाचणी. पेडल किती इंचाला जड लागलं, पेडल दाबल्यावर पंखा हलला की नाही, आणि फोर्कच्या खिडकीतून काय दिसलं एवढं तीन ओळीत लिहा. मी रात्री जेवण झाल्यावर बघतो. आणि फोर्कच्या खिडकीचं रबर लावायला विसरू नका, गेल्या वर्षी एका जीपच्या बेल हाउसिंगमध्ये उंदराचं घरटं निघालं होतं, अख्खं, मालकाच्या गाडीच्या सीटच्या काथ्याचं.